एकच प्लॅटफॉर्म, पाच गाड्या : कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस, कायलॅकमध्ये नक्की सारखं काय?

घाटवाट

'कुठली गाडी घेऊ' छापाच्या प्रत्येक धाग्यावर पाचव्या-सहाव्या प्रतिसादात कुणीतरी टाकतंच, "कुशाक घ्या नाहीतर टायगुन घ्या, आतून एकच गाडी आहे." मग दुसरा विचारतो, एकच गाडी असती तर स्लाव्हियाची डिकी ५२१ लिटर आणि कुशाकची ३८५ कशी? दोघांचंही म्हणणं खरं असतं आणि धागा तिथून जो भरकटतो तो मायलेजवर जाऊन आदळतो. म्हणून हा वेगळा धागा. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्यांचा सामाईक प्लॅटफॉर्म म्हणजे काय आणि गाडी घेणाऱ्याने त्याला कितपत भाव द्यावा, एवढाच विषय. उदाहरण घरचंच घेतो, या पाचही गाड्या चाकणला बनतात. कुशाक, स्लाव्हिया, कायलॅक स्कोडाच्या; टायगुन, व्हर्टस फोक्सवॅगनच्या; स्कोडा फोक्सवॅगन ग्रुपचीच.

आधी वंशावळ उरकतो. फोक्सवॅगन ग्रुपने २०१२ साली एमक्यूबी नावाचा संच, म्हणजे बऱ्याच गाड्यांना चालणारा सामाईक सांगाडा आणि त्याचे भाग, आणला. आउडी ए३ आणि सातव्या पिढीची गोल्फ या त्यावरच्या पहिल्या गाड्या. त्याचं धाकटं भावंड म्हणजे एमक्यूबी ए-झीरो, २०१७ च्या सेआट इबिझासाठी आणि सहाव्या पिढीच्या पोलोसाठी. ती पोलो आपल्याकडे आलीच नाही. तिची लांबी ४०५३ मिमी, म्हणजे आपल्या ४ मीटरच्या करसवलतीतून ती ५३ मिमीने बाहेर. आपण २०१० ची पोलो जुन्या पीक्यू२५ प्लॅटफॉर्मवर २०२२ पर्यंत चालवली. दरम्यान २०१८ मध्ये ग्रुपने 'इंडिया २.०' जाहीर केलं. १ अब्ज युरोची गुंतवणूक, सूत्रं स्कोडाकडे. त्यातून एमक्यूबी ए-झीरो-इन आला. 'इन' म्हणजे इंडिया. ९५ टक्क्यांपर्यंत माल इथलाच वापरायचा, हे त्यातलं मोठं उद्दिष्ट. २०२१ ला कुशाक आणि टायगुन, २०२२ ला स्लाव्हिया आणि व्हर्टस, २०२४ च्या अखेरीस कायलॅक.

आता मुद्द्याचं. या संचात दगडावरची रेघ म्हणावी असं एकच माप आहे: पुढच्या चाकाच्या मध्यापासून ॲक्सिलरेटरच्या पेडलपर्यंतचं अंतर. मोठ्या एमक्यूबीतही हाच नियम. चाकांमधलं अंतर, पुढे-मागे लोंबणारा भाग, रुंदी, उंची हे सगळं बदलता येतं. हे एक माप मात्र गोठवलेलं.

हेच का? कारण गाडीतला महागडा ऐवज त्या टीचभर पट्ट्यात कोंबलेला असतो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचा रॅक, ब्रेकचा बूस्टर, एसीचं युनिट, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आत जाणारं वायरिंग, आणि समोरून धडक बसली तर चुरगळणारे दोन लांब रेल. इथला एक ब्रॅकेट २० मिमी सरकवायचा म्हटलं तरी अर्धं डिझाइन नव्याने तपासावं लागतं, क्रॅश टेस्ट नव्याने कराव्या लागतात. त्यामानाने मागचा भाग म्हणजे पत्रा, सीट आणि पेट्रोलची टाकी.

इंजिनाचंही तसंच. एमक्यूबीच्या आधी या ग्रुपची छोटी पेट्रोल इंजिनं पुढे कललेली आणि डिझेल मागे. म्हणजे एक्झॉस्टचा रस्ता वेगळा, माउंट वेगळे. नव्या पेट्रोल इंजिनांत हेड फिरवून एक्झॉस्टची बाजू मागे, फायरवॉलकडे नेली आणि सगळी इंजिनं १२ अंश मागे कलवली. आपल्याकडची १.० आणि १.५ लिटरची टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनं दोन्ही याच कुळातली. त्यामुळे एकाच बोनेटखाली दोन्हीपैकी कुठलंही बसतं, काही हलवावं लागत नाही.

जाणकारांनी भर घालावी. 'जर्मन बिल्ड क्वालिटी' या विषयावर वेगळा धागा काढा, इथे नको.

खटारा

म्हणजे थोडक्यात, एकदा मेहनत करायची आणि कातडी बदलून पाच वेळा विकायची. कंपन्यांना सलाम. आमच्याकडे बलेनो घेतली तर शेजाऱ्याने तीच ग्लान्झा म्हणून घेतली, वर मला सांगतो टोयोटाची आहे, टिकेल.

रिकामटेकडा

धाग्यावर जागा धरून ठेवतो. खटारा आलेत म्हणजे दोन पानं नक्की.

घाटवाट

@खटारा, बलेनो-ग्लान्झा हा या विषयातला प्रकारच नाही. तिथे गाडी तीच, फक्त बिल्ला वेगळा, थोडं बंपर-ग्रिल इकडचं तिकडे. फ्रॉन्क्स आणि टायझरचंही तेच. कुशाक-टायगुनमध्ये बाहेरचा पत्रा, दिवे, डॅशबोर्ड वेगळे. खालचा सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, २६५१ मिमीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) एक. आणि स्लाव्हिया-कायलॅक घेतल्या तर माणूस बघून सांगूच शकणार नाही की या नात्यात आहेत. एक ४५४१ मिमीची सेडान, एक ३९९५ मिमीची छोटी एसयूव्ही. नात्याच्या या तीन पायऱ्या एका मापाने मोजायच्या नाहीत.

अडगळ

छान धागा. थोडं मागे जातो, कारण हे सगळं शक्य झालं ते पुढची चाकं ओढायला लागली म्हणून, आणि हे कुणी फारसं बोलत नाही.

आपल्या पिढीने बघितलेल्या पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडर मागच्या चाकांवर चालायच्या. इंजिन पुढे, ताकद मागे, मधे गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब शाफ्ट, तो झाकायला जमिनीत बोगदा, मागे डिफरन्शियलचा बोजड गोळा. अशा गाडीचा व्हीलबेस बदलायचा म्हणजे शाफ्ट बदला, तो थरथरतो का बघा, बोगदा बदला. याउलट पुढच्या चाकांच्या गाडीत फायरवॉलच्या मागे काय जातं? एक्झॉस्टचा पाइप, ब्रेकची आणि पेट्रोलची नळी, हँडब्रेकची केबल, वायरिंग. बस. या सगळ्यांची लांबी वाढवायला इंजिनिअर लागतो, पण त्याची झोप उडत नाही.

१९५९ ची मिनी सगळ्यांना ठाऊक असते. इसिगोनिसने इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्याच खाली, तेलाच्या टाकीत. जागा वाचली, पण एकाच तेलात इंजिन आणि गिअर दोघांनी अंघोळ करायची. आज जी रचना जवळपास प्रत्येक छोट्या गाडीत दिसते ती मिनीची नव्हे, फियाटच्या दान्ते जाकोसाची. आडव्या इंजिनाच्या टोकाला गिअरबॉक्स, दोघं एका ओळीत. आधी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलात ती करून बघितली, म्हणजे पडली तर फियाटचं नाव खराब व्हायला नको, आणि मग १९६९ च्या फियाट १२८ मध्ये. या रचनेत गिअरबॉक्स एका बाजूला सरकतो, म्हणून चाकांकडे जाणारा एक शाफ्ट आखूड आणि एक लांब. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग एका अंगाला ओढतं, या खोडीचं एक मूळ तिथेच आहे.

आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर आणलं १९८३ च्या मारुती ८०० ने. आणि एका प्लॅटफॉर्मवर बरीच पोरं असा कारभार मुंबईने बघितला तो फियाटच्या १७८ मध्ये. १९९६ ला ब्राझीलमध्ये पालिओ म्हणून निघालेला प्रकल्प. आपल्याकडे आधी सिएना आली, मग पालिओ, तीही कुर्ल्यात बनलेली. पालिओची स्टेशन वॅगनसुद्धा होती. दार लावताना जो आवाज यायचा... असो, अवांतर होतंय.

रिकामटेकडा

पालिओच्या दाराचा आवाज हा अवांतराचा विषय नाही, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

मोगरा

मी बांधकामातली, त्यामुळे मला हे लगेच उमगलं. इमारतीत किचन-बाथरूमचा डक्ट सगळ्या मजल्यांवर एका रेषेत ठेवतात आणि हॉल-बेडरूम ग्राहकाच्या खिशाप्रमाणे वाढवतात, तसंच हे.

आता माझा खरा प्रश्न. घरात चर्चा कायलॅक की कुशाक अशी आहे. सासूबाई मागे बसतात, गुडघ्यांचा त्रास आहे. पुढचं माप गोठवलेलं असेल आणि गाडी ४ मीटरच्या आत बसवायची असेल, तर कात्री कुठे लागली? मागच्याच माणसाच्या पायांवर ना?

घाटवाट

मोगराताई, नेमकं विचारलंत. आकडेच मांडतो. कुशाक ४२२५ मिमी, कायलॅक ३९९५. फरक २३० मिमी. त्यातले ८५ मिमी व्हीलबेसमधून गेले, २६५१ चा २५६६ झाला. उरलेले १४५ मिमी पुढच्या-मागच्या लोंबत्या भागातून. व्हीलबेसचे ८५ मिमी पेडलच्या पुढून काढता येत नाहीत, म्हणजे ते पेडल आणि मागचं चाक यांच्या मधूनच गेले. तिथे कोण बसतं हे तुम्ही ओळखलंच आहे. पुढची सीट किती मागे घेतलीय यावर बाकीचं अवलंबून. म्हणून घरातल्या सगळ्यात उंच माणसाला पुढे बसवा, त्याला हवी तशी सीट लावा, आणि मग सासूबाईंना त्याच्या मागे बसवून बघा. शोरूमवाले पुढची सीट आधीच पुढे सरकवून ठेवतात, तेवढं बघा.

गंमत म्हणजे रुंदीत कायलॅकच मोठी, १७८३ मिमी, कुशाक १७६०. कायदा लांबी मोजतो, रुंदी मोजत नाही. त्यामुळे मागे तिघं बसणार असतील तर हिशेब थोडा बदलतो.

पैशाचा भागही मोठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत, त्याबाहेरची ४० टक्क्यांत. कुशाकचं १.० लिटरचं इंजिन ९९९ सीसीचंच, कायलॅकलाही तेच. पण कुशाक लांबीत बाहेर गेली म्हणून ४० टक्के. कायलॅकला १.५ लिटर का देत नाहीत याचंही उत्तर इथेच मिळतं. बसत नाही म्हणून नव्हे, पुढचा पट्टा तोच आहे. दिलं तर सवलत जाते.

हा ४ मीटरचा नियम २००६ च्या अर्थसंकल्पातला. छोट्या गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आणली तेव्हाची व्याख्या. तेव्हापासून डिकी कापलेल्या कॉम्पॅक्ट सेडान नावाच्या विचित्र प्राण्यांचा जन्म झाला. माझ्या मते आपल्या गाड्यांच्या आकारावर कुठल्याही डिझायनरपेक्षा त्या एका व्याख्येने जास्त हात चालवला आहे.

स्पॅनर

नमस्कार मंडळी. मी गॅरेजवाला, कोल्हापूरकडचा. मिलीमीटरची भाषा तुमची, मी खालनं बघितलेलं सांगतो.

एक प्लॅटफॉर्म असला की आम्हाला सुख कसलं? पार्ट मिळतो. लोअर आर्म, हबचं बेअरिंग, ब्रेक पॅड, इंजिनाचे माउंट, ड्राइव्ह शाफ्ट, असल्या न दिसणाऱ्या वस्तू भावंडांच्या बऱ्याचदा एकच असतात. एका ब्रँडच्या काउंटरवर नसला तर दुसऱ्याच्या काउंटरवर. पण चॅसिस नंबर टाकून पार्ट नंबर जुळल्याशिवाय घ्यायचा नाही. दिसायला सारखं म्हणून घेतलं आणि बसलं नाही, की परत कोण घेत नाही.

फसतात लोक ते स्प्रिंगमध्ये. सेडान आणि एसयूव्हीचं वजन वेगळं, उंची वेगळी, इंजिन वेगळं, त्यामुळं स्प्रिंग वेगळी. बघायला डिट्टो. स्प्रिंगच्या वेटोळ्यावर रंगाचे ठिपके मारलेले असतात, एक पिवळा एक निळा असं काहीतरी, ते बघायचं. सेकंडहँड स्प्रिंग घालून आलेली गाडी मी बघितलीय, एका अंगानं बसलेली. मालक म्हणतो अलाइनमेंट करा. अलाइनमेंट काय करणार, डोंबल?

पुढच्या चाकाच्या गाड्यांचा सगळ्यात कॉमन आजार सांगतो. स्टिअरिंग पूर्ण तोडून गाडी हळू फिरवली की पुढनं कट-कट-कट आवाज. चाकाच्या आतल्या बाजूनं बघा, रिमवर काळ्या ग्रीसचा गोल शिडकावा उडालेला दिसेल. शाफ्टच्या टोकाचा रबरी बूट फाटला, ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत, जॉइंट खलास. बूट फाटल्या-फाटल्या आलात तर दोन-तीनशे रुपयांच्या बुटावर भागतं. आवाज यायला लागल्यावर आलात तर शाफ्टचा खर्च. सर्व्हिसला गाडी वर उचलली की बूट हातानं दाबून बघायला सांगा, चिरा बोटाला लागतात.

आणि ठोकाठोकीत प्लॅटफॉर्म कामाचा नाही. बंपर, बोनेट, फेंडर, हेडलाइट ज्याचा त्याचा. टायगुनचं बोनेट कुशाकला बसत नाही. इन्शुरन्सचं बिल फुगतं ते त्यातच.

मोगरा

@घाटवाट, @स्पॅनर दोघांनाही धन्यवाद. बूट दाबून बघायला मी आमच्या जुन्या गाडीलाही सांगणार आहे.

टॉर्करावण

सगळं ठीक, पण मुख्य गोष्ट राहिली. सेफ्टी! एमक्यूबीवरच्या पाचही गाड्या ५ स्टार. कुशाक-टायगुन २०२२ ला ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्या धडकवून तारे देतात ती चाचणी), स्लाव्हिया-व्हर्टस २०२३ ला, कायलॅक २०२५ ला भारत एनकॅपमध्ये. म्हणजे प्लॅटफॉर्म चांगला असला की गाडी सेफ. मारुतीचा हार्टेक्ट प्लॅटफॉर्म हा डबा आहे, विषय संपला.

दूरदेशी

विषय संपला नाही. मी जर्मनीत असतो आणि गाड्यांच्या सांगाड्याशी रोजचा संबंध आहे, त्यामुळे या वाक्यावर गप्प बसवत नाही.

हार्टेक्टवर एस-प्रेसोला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने शून्य तारे दिले. स्विफ्टला २०२२ मध्ये १. आणि त्याच हार्टेक्टवर २०२४ च्या नव्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षेत ५, मुलांच्या ४. तीही २०२२ नंतरच्या कडक नियमांत, ज्यात बाजूने खांबावर आदळणं, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), पादचाऱ्यांची सुरक्षा हे सगळं तपासतात. प्लॅटफॉर्मचं नाव तेच, शून्य ते पाच असा पल्ला. मग नावाने काय कळलं?

दुसरं उदाहरण याहून बोलकं. रेनो क्विड, सीएमएफ-ए प्लॅटफॉर्म, २०१५ ला भारतात. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपकडून शून्य. हीच क्विड २०१७ ला ब्राझीलमध्ये विकायला काढली तेव्हा सांगाडा मजबूत केला, चार एअरबॅग सगळ्या गाड्यांत दिल्या, आणि लॅटिन एनकॅपमध्ये ३ तारे मिळाले. तिचीच विजेवरची बहीण युरोपात डाचिया स्प्रिंग म्हणून गेली, तिला २०२१ मध्ये युरो एनकॅपने १ तारा दिला. तीन खंड, तीन निकाल. एनकॅपचे नियम जागोजागी वेगळे, त्यामुळे तारे थेट एकमेकांशी लावू नयेत, पण भारत-ब्राझील फरक हा नुसता नियमांचा नव्हता, पोलादाचा आणि एअरबॅगचा होता.

आता आतली गोष्ट. प्लॅटफॉर्म सांगतो की रेल कुठून कुठे जाईल, सांधे कुठे, भोकं कुठे. त्या रेलचा पत्रा किती जाड, पोलाद कोणत्या दर्जाचं, ए-पिलर (पुढच्या काचेलगतचा खांब) आणि दाराखालचा उंबरा गरम करून ठोकलेल्या अतिकठीण पोलादाचा की साध्या, स्पॉट वेल्ड किती अंतरावर, हे सगळं प्रत्येक मॉडेलचा हिशेब मांडताना ठरतं. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) तीच ठेवूनही, थोडी जुळवाजुळव करून, वेगळा पत्रा वापरता येतो. बाहेरून, अगदी गाडी उचलून खालून बघितलं तरी फरक दिसत नाही. धडक बसल्यावर दिसतो. एनकॅपच्या अहवालात तारे बघण्याआधी 'बॉडीशेल स्थिर की अस्थिर' ही ओळ वाचा, आणि पाय ठेवतो त्या जागेबद्दलची. तारे कधीकधी एअरबॅग आणि बेल्टच्या जोरावर सुधारतात. अस्थिर म्हटलेला सांगाडा मात्र एअरबॅगने स्थिर होत नाही.

टॉर्करावण

मग टाटाचं काय? अल्फा प्लॅटफॉर्म आला म्हणूनच तर अल्ट्रोज आणि पंचला ५ आले ना?

दूरदेशी

अल्ट्रोजला जानेवारी २०२० मध्ये ५, पंचला ऑक्टोबर २०२१ मध्ये ५, बरोबर. पण त्यांच्या आधी, डिसेंबर २०१८ मध्ये ५ तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी कोणती? नेक्सॉन. ती अल्फावर नाही. ती एक्स१ वर आहे, ज्याची मुळं इंडिकाच्या घराण्यात जातात. इंडिका १९९८ ची. जुन्या घराण्याचा सांगाडा नीट मजबूत केला तर ५ येतात आणि कोऱ्या करकरीत सीएमएफ-ए ला शून्य येतं. म्हणून ब्रोशरवरच्या प्लॅटफॉर्मच्या नावाला मी सुरक्षेच्या बाबतीत काडीचं महत्त्व देत नाही. त्या मॉडेलचा, त्या वर्षाचा अहवाल बघतो.

खटारा

पहिल्यांदाच या फोरमवर कुणाशी शंभर टक्के सहमत आहे. तारीख लिहून ठेवा.

नाशिकचा चिवडा

आमच्या नाशकाचाही उल्लेख होऊ द्या. आमच्याकडे बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही ३०० सांगयाँगच्या तिवोलीच्या प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे कोरियाचा सांगाडा. २०२० ला ५ तारे. आताची ३एक्सओ तिचीच सुधारलेली, नव्या नावाची आवृत्ती. तिवोली ४ मीटरच्या वरची गाडी, इकडे आणताना शेपूट कापली. मोगराताईंच्या प्रश्नाचं हे अजून एक उदाहरण: चाकं तिथेच ठेवली, व्हीलबेस २६०० मिमी कायम, म्हणून मागच्या माणसाचे पाय वाचले आणि डिकी गेली. आमच्याकडे दोन मोठ्या बॅगा आणि चिवड्याचे डबे एकाच वेळी बसत नाहीत, डबे मांडीवर.

घाटवाट

वा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ४ मीटरमध्ये बसवायला कात्रीचे दोन मार्ग: व्हीलबेस कापा नाहीतर शेपूट. कोणी कोणता निवडला, हे शोरूममध्ये मागचं दार आणि डिकी उघडली की समजतं.

भोसरीकर

मी पुरवठादारांच्या बाजूचा. आमचं युनिट छोटं आहे, कुठल्या कंपनीला काय देतो ते सांगत नाही.

प्लॅटफॉर्मने पैसे कुठे वाचतात ते बाहेरच्यांना वाटतं तसं नाही. बाहेरच्या पत्र्याच्या डाय प्रत्येक मॉडेलला नव्याच लागतात, आणि त्याच सगळ्यात महाग, कारण त्यावर उजेड कसा पडतो इथपर्यंत घासाघीस चालते. बचत होते आतल्या पत्र्यात आणि वेल्डिंग लाइनवर. सगळ्या भावंडांच्या फ्लोअरला लोकेटिंगची भोकं ठरलेल्या जागी असली की फिक्स्चरच्या (वेल्डिंगवेळी पत्रे धरून ठेवणारी चौकट) पिना तिथेच बसतात. मग एकाच लाइनवर आधी सेडान, मागे एसयूव्ही, मागे परत सेडान अशा गाड्या सोडता येतात, रोबोचा फक्त प्रोग्रॅम बदलतो. एखादं मॉडेल पडलं तर लाइन रिकामी राहत नाही, दुसरं वाढवतात.

आमच्यासाठी याच्या दोन बाजू. एका पार्टची ऑर्डर मिळाली तर पाच गाड्यांच्या आकड्यांची बेरीज हातात येते. हुकली तर पाचही हुकल्या. आधी चार लहान पुरवठादार चार पार्ट द्यायचे, आता एक मोठा देतो. वर दरवर्षी 'भाव उतरवा'चं पत्र ठरलेलं. आकडा मोठा दिलाय ना, मग दर कमी करा. पोलादाचा भाव चढला तर ते पत्र मात्र उलट्या दिशेने जात नाही.

आणि खोट निघाली तर तीही पाचपट. एप्रिल २०२५ मध्ये मागच्या सीटबेल्टच्या दोषासाठी गाड्या परत बोलावल्या, त्यात पाचही मॉडेल होती, मिळून ४७ हजारांहून जास्त. अशा वेळी ज्याच्याकडून पार्ट गेला त्याच्या शॉपफ्लोअरवर काय वातावरण असतं हे मी कल्पनेने सांगत नाही. बॅच नंबर, शिफ्ट, ऑपरेटर, सगळी रजिस्टरं टेबलावर येतात.

स्पॅनर

@भोसरीकर, त्यात एक बरं की एका गाडीत खोट सापडली की तिच्या भावंडांत तीच शोधायची हे आम्हाला लगेच कळतं. आधी प्रत्येक गाडीचं दुखणं वेगळं शिकावं लागायचं.

टॉर्करावण

शेवटचा प्रश्न, भांडण नाही. पंच आणि पंच ईव्ही दिसायला सारख्याच. म्हणजे एकाच प्लॅटफॉर्मवर पेट्रोलही आणि बॅटरीही होते ना? नेक्सॉन ईव्ही तर तशीच होती.

दूरदेशी

नेक्सॉन ईव्ही तशी, २०२० ची, पेट्रोलच्याच सांगाड्यात बॅटरी बसवलेली. पंचचं उलट आहे. पेट्रोल पंच अल्फावर, जानेवारी २०२४ ची पंच ईव्ही ॲक्टी-ईव्ही या निव्वळ विजेच्या सांगाड्यावर. आतापर्यंत आपण एक सांगाडा, पाच चेहरे बोलत होतो. इथे एक चेहरा, दोन सांगाडे. बोनेट उघडून बघा, पेट्रोलच्या पंचला इंजिन दिसेल, विजेच्या पंचला पुढे १४ लिटरची छोटी डिकी. चालतात दोन्ही पुढच्याच चाकांवर.

स्पॅनर

१४ लिटरमध्ये चार्जिंगची केबल जाते. बूट त्या गाडीलाही असतात, तेवढं दाबून बघा.